सोंगाड्याचा दिग्दर्शक झाला

तमाशांत सोंगाड्याचें स्थान मोठें चमत्कारिक असतें. राजा, प्रधान, कोतवाल हे सारे अधिकारानें बोलतात. सोंगाड्या मात्र बावळटपणाचा आव आणून त्या अधिकाराचीच फजिती करतो. आपल्या सुशिक्षित समाजानें या पात्राकडे पाहून फार दिवस नाक मुरडलें. दादा कोंडके यांच्या कारकीर्दीचा विचार करतांना वाचकांनीं हा पूर्वग्रह क्षणभर बाजूस ठेवावा, अशी विनंती आहे.

१९३२ सालीं मुंबईच्या गिरणगांवांत जन्मलेले दादा बँडपथक, सेवा दलाचें कलापथक अशा वाटांनीं रंगभूमीवर आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यांतील हवालदारानें त्यांस महाराष्ट्रभर नेलें. संहिता सबनीसांची, परंतु ताजी बातमी आणि समोरचा हंशा यांवरून दादा दर प्रयोगास नवीं उत्तरें रचीत. त्यांच्यांतील लेखक येथेंच घडला, असें आम्हांस वाटतें.

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’नें (१९६९) ते पडद्यावर आले. पण तेथें प्रेक्षक समोर नसतो. नटाच्या कोणत्या क्षणाला ठेवावें आणि कोणत्यास कात्री लावावी, हें दुसराच ठरवितो. विनोदी नटास ही अडचण मोठी. दादांनीं ती पायरीपायरीनें दूर केली. १९७१ च्या ‘सोंगाड्या’चे ते निर्माते झाले, लेखन सबनीसांचें व दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचें होतें. आईच्या धाकांतला भोळा नाम्या तमाशाच्या नादीं लागतो, अशी ती कथा. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्यें त्यांनीं दिग्दर्शनहि हातीं घेतलें. रंगमंचावरचा हवालदार येथें पडद्यावर पुन्हा भेटला, आणि त्याचें नांव पोलीस शिपायाचें टोपणनांव होऊन बोलींत रुळलें. पुढें त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनेस बुकांत झाली.

त्यांच्या द्व्यर्थी भाषेवरील आक्षेप मात्र सर्वस्वीं खोटा नव्हता. ‘विच्छा’मध्यें श्लेषाचा बाण राजदरबारावर रोखलेला असे. उत्तरकालीन चित्रपटांत, विशेषतः हिंदी चित्रपटांत, बाण उरला आणि कोतवाल दिसेनासा झाला. नट, लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता एकच झाला म्हणजे ‘हें नको’ असें सांगणारा कोणी राहत नाहीं. जें स्वातंत्र्य दादांनीं कष्टानें मिळविलें, त्याचीच ही किंमत होय.

तरीहि न्याय करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. पाळी संपवून आलेला गिरणीकामगार आणि तालुक्याच्या गांवीं बाजारास आलेला शेतकरी यांनीं दादांच्या चित्रपटांत आपलीच बोली ऐकली, आणि तीहि नायकाच्या तोंडीं. १४ मार्च १९९८ रोजीं दादा निवर्तले. त्यांच्या ग्राम्यतेचा हिशेब आपण अवश्य मांडावा. परंतु या प्रेक्षकासाठीं आपल्या सभ्य कलेनें काय केलें, हा रकानाहि त्याच वहींत कोरा सोडूं नये.