वळिवडे पोलिश छावणी

वळिवडे पोलिश छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर संस्थानातील वळिवडे (आता करवीर तालुका, कोल्हापूर जिल्हा) येथे पोलंडच्या निर्वासितांसाठी उभारलेली वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. अनेक मुले अनाथ होती.

पार्श्वभूमी

१९३९ साली सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड व्यापला आणि १९४०-४१ मध्ये तेथील असंख्य कुटुंबांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. उपासमार व रोगराईने अनेक मुलांचे आईवडील दगावले. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेले निर्वासित इराणमार्गे भारतात आले. अनाथ मुलांसाठी नवानगर संस्थानात बालाचडी येथे १९४२ साली वेगळी छावणी उघडली गेली.

छावणीतील जीवन

वळिवड्यास कौलारू बराकींत कुटुंबांची सोय होती. शाळा, चर्च, रुग्णालय, अनाथालय व बालवीर पथके होती. शिक्षण पोलिश भाषेतून दिले जाई.

दत्तकविधान

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्यामुळे अनाथ मुलांना साम्यवादी राजवटीखालील पोलंडमध्ये परत पाठवण्याची मागणी पुढे आली. तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, धर्मगुरू फ्रान्सिशेक प्लुता व ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी बालाचडीच्या मुलांना संयुक्तपणे दत्तक घेतले. हे दत्तकविधान वारसाहक्कासाठी नव्हते. मुलांना कायदेशीर पालक मिळावेत व सक्तीची पाठवणी टळावी, हा त्याचा हेतू होता. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील अनेक मुले वळिवड्यास आली.

समाप्ती व स्मृती

१९४७-४८ मध्ये निर्वासित ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आदी देशांत गेले. काही पोलंडला परतले. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने विस्थापित झालेल्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला. हीच वसाहत पुढे गांधीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. कोल्हापुरातील महावीर उद्यानात छावणीचे स्मारक आहे. वॉर्सा येथेही कोल्हापूर स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. दोन्ही छावण्यांवर ‘अ लिट्ल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट आहे.