बर्फावरची गाडी आणि तिचा क्लच

मंडळी, किनेटिक होंडा ज्यांनी चालवलीय त्यांना आजचा विषय निम्मा माहीतच आहे. गिअर नाहीत, क्लचची दांडी नाही. एक रबरी बेल्ट आणि दोन पुल्या, बस्स. स्नोमोबिललाही हेच असतं. आणि माझं म्हणणं असं, की चार-स्ट्रोक इंजिन तिथे परत आलं ते या पुल्यांशी जमवून घेऊनच.

सुरुवात कॅनडातल्या क्वेबेकमधली. व्हालकूर गावचा जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए हा मेकॅनिक. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग आधीपासूनच चालू होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली, दवाखाना गाठताच आला नाही. पुढे १९३७ मध्ये त्याला ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि १९५९ मध्ये छोटी स्की-डू आली. तिला कोहलरचं सात हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, आणि ते चार-स्ट्रोक होतं! हे फार लोक विसरतात.

मग टू-स्ट्रोकनं बाजी मारली. हलकं, स्वस्त, वजनाच्या मानाने ताकद दांडगी. पण ही ताकद फेऱ्यांच्या अगदी अरुंद पट्ट्यात मिळते. तिथे इंजिन धरून ठेवायचं काम क्लचचं. पुढच्या पुलीत छोटी वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या थाळ्या जवळ येतात. स्प्रिंग उलट ओढते. वजन जड केलं तर फेरे खाली राहतात, हलकं केलं तर वर चढतात. उंचावर हवा विरळ, ताकद कमी, म्हणून तिथे वजनं हलकी करतात. मागची पुली टॉर्कचा भार ओळखून बेल्ट आवळते. ट्यूनिंग म्हणतात ते एवढंच, पण त्यात लोकांचे हिवाळेच्या हिवाळे जातात.

टू-स्ट्रोकचा दोष धुराचा. पाव ते एक तृतीयांश इंधन न जळताच बाहेर. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या पश्चिम दारावर तिकीट देणाऱ्या रेंजरना शेवटी श्वासाचे मास्क द्यावे लागले, त्यांच्या खोक्यांमध्ये बाहेरून ताजी हवा सोडावी लागली. आपण कुठल्या निसर्गाबद्दल बोलतोय बघा!

तेव्हा कुठे चार-स्ट्रोकला पुन्हा मान आला. यामाहानं २००३ चं मॉडेल म्हणून आरएक्स-१ आणली. इंजिन आर१ मोटारसायकलवरून घेतलेलं, हजार सीसीच्या आसपास, मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेणारं. आता अडचण बघा. वजनं बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट तर जोर चौपट. नेहमीचा क्लच हे झेलणार कसा? त्यांनी क्रँक आणि क्लच यांच्या मधे फेरे कमी करणारे गिअर बसवले. फेरे उतरले, त्या प्रमाणात क्लचवर येणारा टॉर्क वाढला; तो बेल्ट न घसरता पेलायचा तर थाळ्यांची पकड तेवढीच घट्ट हवी. शिवाय थ्रॉटल सोडला की चार-स्ट्रोक गाडीला मागे ओढतं. टू-स्ट्रोकवर हात बसलेल्यांना पहिल्या वळणावर हे जाणवायचंच.