बर्फास तंतूंचें बळ

भिंतीच्या चिखलांत भुसा कालविला म्हणजे ती सुकतांना कमी तडकते, हें आपल्या खेड्यांतील गवंडी जाणतो. हाच न्याय बर्फास लावून भर समुद्रांत विमानतळ तरंगविण्याचा उद्योग दुसऱ्या महायुद्धांत झाला.

१९४२ सालीं जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरांत दोस्तांचीं जहाजें बुडवीत होत्या. किनाऱ्यावरचीं विमानें मध्यभागापर्यंत पोहोंचत नसत. तेथें पाणबुड्यांस रान मोकळें होतें. म्हणून त्या भागांत बर्फाचें प्रचंड जहाज ठेवून त्यावर विमानें उतरवावीं, अशी कल्पना जेफ्री पाइक या इंग्रज गृहस्थानें लॉर्ड माउंटबॅटन यांजपुढें मांडली. हेच माउंटबॅटन १९४७ सालीं हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय झाले. पुढें आखलेल्या जहाजाची लांबी २००० फूट धरली होती.

परंतु साधें बर्फ ठिसूळ. एकदां चीर पडली कीं ती आरपार जाते. गोठविण्यापूर्वीं पाण्यांत थोडा कापूस किंवा वर्तमानपत्राचा कागद ज्यापासून होतो तो लांकडाचा लगदा मिसळल्यास बर्फ चिवट होतें, असें ब्रुकलिन येथील हर्मन मार्क व वॉल्टर होहेनस्टाइन यांस आढळलें. चीर तंतूंपाशीं येऊन थबकते. मॅक्स पेरुट्झ यांनीं लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालील शीतगृहांत त्याची कसोटी घेतली. वजनाच्या मानानें तें काँक्रीटइतकें बळकट ठरलें. शिवाय पृष्ठभाग वितळला कीं ओल्या लगद्याचा थर आंतील बर्फास उष्णतेपासून जपे. वजनांत सुमारें शेंकडा १४ लगदा असलेल्या या मिश्रणास पाइकच्या नांवावरून ‘पायक्रीट’ म्हणूं लागले.

ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक परिषदेंत माउंटबॅटन यांनीं त्यावर पिस्तूल झाडलें. साध्या बर्फाच्या ठिकऱ्या उडाल्या; पायक्रीटवरून मात्र गोळी उसळली.

तथापि एक दोष लगद्यानेंहि जाईना. चिखल सुकला कीं स्थिर होतो. बर्फ भाराखालीं हिमनदीप्रमाणें हळूहळू सरकत राहतें. तें थोपवावयास जहाज उणें १६ अंश सेंटिग्रेडइतकें थंड ठेवणें प्राप्त होतें, आणि त्यासाठीं लागणारीं यंत्रें, नळ्या व पोलाद यांचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. इतक्यांत लांब पल्ल्याचीं विमानें मिळालीं, पोर्तुगालनें ॲझोर्स बेटांवर तळ दिला, आणि १९४३ अखेर योजना बारगळली.

शीतकरण कसें साधेल हें पाहण्यासाठीं कॅनडांतील जॅस्परजवळच्या पॅट्रिशिया सरोवरांत ६० फूट लांब व ३० फूट रुंद असा बर्फाचा नमुना बांधला होता. बर्फ केव्हांच वितळलें. लांकडी बांधणीचे व नळ्यांचे अवशेष मात्र सरोवराच्या तळाशीं अद्याप आहेत.