तारा निघाल्यानंतर

आमच्या कोल्हापुरातील एका विद्यार्थिनीने दातांच्या तारा निघाल्यावर मिळालेला पारदर्शक रिटेनर कढत पाण्याने धुतला. तो वाकडा झाला. हे प्लास्टिक तापवून, मऊ करूनच दातांच्या साच्यावर बसवतात. धुवावे गार पाण्याने, मऊ ब्रशने. तांबड्या रश्श्याच्या वेळी तो डबीत बरा!

काढता-घालता येणाऱ्या रिटेनरचे वर्णन अमेरिकेच्या चार्ल्स हॉले यांनी १९१९ मध्ये केले. तो का घालायचा, याचा उलगडा नॉर्वेच्या कोरे रायटान यांच्या १९५९ च्या प्रयोगांतून झाला. कुत्र्यांचे फिरवलेले दात २३२ दिवस जागीच धरून ठेवले, तरी हिरडीतले तंतू ताणलेलेच होते. सोडताच ते दाताला मागे ओढणार.

विद्यार्थिनीने भीतीने महिनाभर सांगितलेच नाही. आम्ही तिला दंतवैद्यांकडे पाठवले तेव्हा दात सरकले होते.