रोजगार व व्यवसाय व्हिसा

रोजगार व व्यवसाय व्हिसा : परदेशात नोकरी किंवा व्यापार करण्यासाठी तेथील शासनाने परकीय नागरिकास ठराविक अटींवर दिलेली प्रवेशानुमती. व्हिसासाठी वैध पारपत्र आवश्यक असून वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतात (⟶ पारपत्र).

उगम : भारतात नोकरीसाठी परदेशी जाण्याचे नियमन करणाऱ्या १९२२ च्या उत्प्रवास कायद्याची जागा १९८३ च्या अधिनियमाने घेतली. त्यानुसार सर्वसाधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा शेरा छापला जातो आणि आखाती देशांसह अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्यांना उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या हितरक्षक अधिकाऱ्याची, मंजुरी घ्यावी लागते.

वैशिष्ट्ये : आखाती देशांत रोजगार व्हिसा सामान्यतः नियोक्त्याच्या हमीवर मिळतो. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा पदवीधर तज्ज्ञांसाठी असून त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे व अमेरिकी उच्च पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा असतात. त्याची सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे असते. अमेरिकेच्याच बी-१ या व्यवसाय व्हिसावर वाटाघाटी व करार करता येतात, मात्र तेथील नोकरी करता येत नाही. ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा करारबद्ध देशांपुरता असल्याने भारतीय नागरिकांस मिळत नाही.

महत्त्व : संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची (स्थापना १९८३) पदवी हा वऱ्हाडातील पदवीधरांच्या अर्जाचा पात्रता-पुरावा ठरतो. परदेशी कागदपत्रांच्या प्रमाणनाविषयीच्या हेग करारातील देशांसाठी तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’, म्हणजे त्या करारानुसारचे प्रमाणन चालते. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन लागते (⟶ स्थलांतर).