वीज वाहून नेणारं पातळ प्लास्टिक म्हणजे काय? रंगावरून कसा लागतो विजेचा अंदाज?

वायरवर प्लास्टिकचे आवरण असते ते शॉक लागू नये म्हणून. पण काही प्लास्टिक स्वतःच वीज वाहून नेतात. त्यांना वाहक पॉलिमर म्हणतात.

शोध कसा लागला?
१९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या पातळ पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, अन् त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. या कामाला २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण पॉलिॲसिटिलीन कशातच विरघळत नाही आणि हवेत खराब होते. म्हणून रंगासारखे लावता येईल असे वाहक प्लास्टिक हवे होते.

वीज वाहते कशी?
एसटी खच्चून भरली की आत कोणाला हलता येत नाही. दोघे-चौघे उतरले की सरकायला जागा होते. पॉलिमरच्या साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढले की तसेच होते. आयोडीनने हेच काम केले.

रंगाचा संबंध काय?
इलेक्ट्रॉनची मांडणी बदलली की कोणता प्रकाश शोषला जाणार हेही बदलते. पॉलिॲनिलीन आम्लात हिरवे असते आणि वीज वाहते. अल्कलीत ते निळे होते, वीज जवळपास थांबते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो ना, तसाच हा प्रकार. फक्त इथे रंगासोबत वीजही बदलते. अमोनिया लागला तरी त्याची वाहकता घटते. त्यामुळे अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरसाठी त्यावर बरेच संशोधन झाले आहे.

बाटलीत काय असते?
सर्वाधिक वापरले जाणारे द्रव म्हणजे पेडॉट-पीएसएस. पेडॉट १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बायर कंपनीत तयार झाले. ते पाण्यात विरघळत नाही. पीएसएस हे दुसरे पॉलिमर त्याचे बारीक कण पाण्यात तरंगते ठेवते, दुधात स्निग्धांश असतो तसे. द्रव गडद निळे आणि आम्लधर्मी असते. त्याचा पातळ थर वाळला की मात्र तो जवळपास पारदर्शक, फिकट निळसर दिसतो. पेडॉटला इलेक्ट्रॉन परत दिले की तो गडद निळा होतो आणि त्याची वाहकता घटते.

वाळल्यावरच खरी कसोटी
द्रवात कण सुटे असतात. पाणी उडाल्यावर ते एकमेकांना चिकटतात आणि विजेला सलग वाट मिळते. द्रवात थोडे डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल मिसळले तर वाळलेल्या थराची वाहकता शेकडो पट वाढू शकते. उलट, दमट हवेत पीएसएस पाणी ओढून घेते आणि थर बिघडू शकतो.

उपयोग कुठे?
फोटो फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून, कपॅसिटरमध्ये आणि ओएलईडी दिव्यांच्या आतल्या थरात.

तांब्याची जागा घेईल का?
नाही. चांगला पेडॉट-पीएसएस थरसुद्धा तांब्यापेक्षा शेकडो पट कमी वीज वाहतो. त्यामुळे मोटारीची वायर तांब्याचीच लागणार. हे प्लास्टिक कामाचे आहे ते पातळ, लवचिक आणि पारदर्शक थर हवा असेल तिथे.