यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक शाळा आणि बालकांचे स्वास्थ्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शाळांची संख्या, पटनोंदणी आणि साक्षरतेची टक्केवारी या अंगाने झालेले आहे. शाळेत आलेले मूल तेथे पाच-सहा तास कसे राहिले, त्याने काय खाल्ले, कोणते पाणी प्याले, ऊन किती सोसले, हा विषय इतिहासकारांच्या दृष्टीने दुय्यमच राहिला. वास्तविक शासनाने मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी केव्हा घेतली यापेक्षा त्याच्या शरीराची जबाबदारी केव्हा घेतली, हा प्रश्न कमी महत्त्वाचा नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

प्रशासकीय पार्श्वभूमी

1905 पूर्वी हा जिल्हा वऱ्हाडातील ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. ब्रिटिश अमदानीत शाळा तपासणीचा भर हजेरी, अभ्यासक्रम व अनुदान यांवर होता. मुलांच्या आरोग्याला त्यात फारसे स्थान नव्हते. आरोग्य व स्वच्छता यांना शिक्षणाचेच अंग मानणारा विचार शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून आला. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने सफाई, आहार व श्रम हे विषय वर्गाच्या आत आणले. तथापि हा प्रयोग मोजक्या संस्थांपुरता राहिला. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाने शालेय आरोग्य सेवेची शिफारस केली, तीही दीर्घकाळ बहुतांशी कागदावरच राहिली.

1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे सुपुत्र होते. त्यांच्या समितीने मार्च 1961 मध्ये अहवाल सादर केला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. शाळेचे गळके छप्पर, विहीर, हातपंप या बाबी आता गावाला जवळच्या कार्यालयात मांडता येऊ लागल्या. बालकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या बदलाचे मूल्य सहसा लक्षात घेतले जात नाही.

अन्न

मुलाच्या शरीराशी शाळेचा सर्वाधिक थेट संबंध जोडला तो अन्नाने. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. आरंभी शिजविलेले अन्न न देता 80 टक्के हजेरी असणाऱ्या विद्यार्थ्यास दरमहा 3 किलो तांदूळ घरी दिला जात असे. या अटीचा अर्थ यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यात वेगळा होता. वेचणीच्या दिवसांत आई-वडिलांबरोबर शेतात जाणारे अथवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबणारे मूल हजेरीत मागे पडते. म्हणजे ज्या घराला धान्याची निकड अधिक, तेच घर अटीबाहेर जाण्याची शक्यता अधिक. शिवाय घरी गेलेला तांदूळ साऱ्या कुटुंबाच्या ताटात वाटला जातो, हेही उघड आहे. त्यात गैर काही नाही; परंतु त्याला विद्यार्थ्याचे पोषण म्हणता येत नाही.

28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. किमान 300 उष्मांक, 8 ते 12 ग्रॅम प्रथिने आणि वर्षात किमान 200 दिवस, असे त्याचे प्रमाण होते. 2006 मध्ये प्राथमिक स्तरासाठी ते 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले. ज्वारीची भाकर खाणाऱ्या या प्रदेशात तांदळाची खिचडी हे शाळेचे अन्न ठरले आणि पाहता पाहता ‘खिचडी’ हेच योजनेचे लोकप्रचलित नाव झाले.

अन्न शाळेत आले तसा चुलीचा धोकाही आला. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत 94 बालके दगावली. 16 जुलै 2013 रोजी, बरोबर त्याच तारखेला, बिहारमधील सारण जिल्ह्यात कीटकनाशकमिश्रित भोजनाने 23 बालकांचा बळी घेतला. कपाशीवरील फवारणीची औषधे घरोघरी असणाऱ्या जिल्ह्याने ही दुसरी घटना विशेष गांभीर्याने वाचावयास हवी. स्वतंत्र स्वयंपाकगृह आणि शिक्षकांनी आधी चव घेण्याचा नियम या गोष्टी वरकरणी किरकोळ भासतात, परंतु त्यांचे मोल अशा मृत्यूंनी सिद्ध केले आहे.

आहाराच्या दर्जाबाबत धोरण मात्र स्थिर राहिले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबविण्यात आला.

पाणी व वस्ती

केळापूर, झरी-जामणी परिसरातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पर्यायी स्रोत नसल्यास प्रतिलिटर 1.5 मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानली जाते. दातांवरील पिवळे-तपकिरी डाग हे त्याचे पहिले दृश्य लक्षण होय आणि ते वर्गात समोर बसलेल्या शिक्षकास दिसू शकते. कोलामांच्या पोडांवरील मुलांच्या बाबतीत शाळेपर्यंतचे अंतर हीच सुरक्षिततेची पहिली कसोटी होती. वस्तीशाळा आणि पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालील एक किलोमीटरची तरतूद यांमुळे पावसाळ्यातील नाले ओलांडण्याचे संकट काही अंशी टळले. याच कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. 2012 मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा आला. बदलापूर येथील घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने शाळांत सीसीटीव्ही व दक्षतेचे आदेश दिले. परंतु दोनशिक्षकी शाळेत कॅमेऱ्यातील चित्रण पाहणार कोण, याचा विचार आदेशात पुरेसा दिसत नाही.

ऊन

विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, ही जुनी वहिवाट आहे. 2023 मध्ये राज्यात इतरत्र 15 जूनला, तर विदर्भात 30 जूनला शाळा सुरू झाल्या. उन्हाळ्यातील सकाळची शाळा हाही त्याच शहाणपणाचा भाग होय. या वहिवाटीवर अलीकडे दोनदा ताण आला. पुरेशी झोप मिळावी म्हणून फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्यास सांगितले. त्यामागील हेतू योग्यच होता. मात्र एप्रिलमध्ये नऊला भरलेली शाळा सुटते तेव्हा यवतमाळात ऊन ऐन भरात असते. 2025 मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि विदर्भातून त्यास विरोध झाला. 1962 मध्ये ज्या जिल्हा परिषदेकडे शाळा सोपविण्यात आल्या, तिला शाळेची घंटा केव्हा वाजवावी हे स्थानिक तापमान पाहून ठरविता येते काय, हा प्रश्न या वादात जवळजवळ कोणी उपस्थित केला नाही.